नवे टायर मागच्या चाकांना बसवणारे दुकान

गायमुखच्या घाटात माझी गाडी गरकन फिरून आल्या दिशेला तोंड करून उभी राहिली, त्यानंतर तिसऱ्या दिवशी मी या दुकानात पहिल्यांदा गेले. मानपाडा आणि पातलीपाडा यांच्या दरम्यान, घोडबंदर रस्त्यालगत असलेले हे दोन शटरचे टायरचे दुकान मला आमच्या इमारतीतील एका रिक्षामालकांनी सुचवले होते. गेल्या वर्षभरात मी तेथे चार वेळा जाऊन आले आणि चारही वेळा काम संपेपर्यंत शेजारी उभी राहून पाहिले. मी वसईतील एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे या अभिप्रायात दुकानाइतकेच टायर आणि वळण यांच्याविषयीही लिहिले आहे. ते वगळले तर या दुकानाचे वेगळेपण सांगताच येणार नाही.

आधी काय घडले ते सांगते. माझी गाडी २०१७ सालची, इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना देणारी छोटी हॅचबॅक आहे. तिला ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी एबीएस ही यंत्रणा आहे, परंतु गाडी फिरू लागल्यास तिला सावरणारी ईएससी ही यंत्रणा नाही. गेल्या वर्षी मे महिन्यात पुढचे दोन टायर अगदी गोटा झाले, म्हणून मी दुसऱ्या एका दुकानातून दोन नवे टायर घेतले. तेथील कारागिराने ते पुढे बसवले आणि मीही काही विचारले नाही, कारण त्याने जे कारण सांगितले ते सर्वांच्याच तोंडी असते: इंजिन पुढे, वजन पुढे, स्टिअरिंग पुढे, ब्रेकचा जोरही पुढे, तेव्हा नवे टायर पुढेच हवेत. मागे राहिले ते गाडीबरोबर आलेले मूळचे टायर.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी साडेसहाच्या सुमारास, रिमझिम पावसात मी घाटातल्या उतारावर डावीकडचे वळण घेत होते. वेग पंचेचाळीसच्या आसपास होता. पुढे एका ट्रेलरचे लाल दिवे लागलेले दिसले, म्हणून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि ब्रेकवर हलकेच ठेवला. पुढची चाके जिकडे वळवली होती तिकडेच निमूट जात होती. मागची बाजू मात्र कोणी दोर लावून उजवीकडे ओढावी तशी बाहेर गेली. आधी आसनाखाली काहीतरी सैल झाल्यासारखे जाणवले, मग समोरच्या काचेतून डोंगरावरची झाडे आडवी सरकताना दिसली, आणि दोन-तीन सेकंदांत गाडी ठाण्याकडे तोंड करून थांबली. मागून कोणतेही अवजड वाहन येत नव्हते, म्हणून मी आज हे लिहीत आहे.

दुकानाच्या मालकांनी हे सगळे ऐकून घेतले आणि गाडीकडे नजरही न टाकता पहिला प्रश्न विचारला, "ताई, पुढची बाजू सरकली की मागची?" मी मागची म्हणताच ते म्हणाले, "मग नवे टायर पुढे असणार." त्यानंतर ते गाडीपाशी आले. निदान आधी आणि तपासणी नंतर, असा क्रम एरवी मला खटकला असता. येथे त्यामागे किती पक्का विचार आहे ते पुढच्या पंधरा मिनिटांत कळले.

त्यांच्या हाताखालच्या मुलाने खाचांची खोली मोजण्याचे छोटे माप घेतले आणि प्रत्येक टायरवर आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशा तीन ठिकाणी ते टेकवून आकडे मोठ्याने सांगितले. मालकांनी ते एका पुठ्ठ्याच्या कार्डावर लिहून घेतले. पुढच्या नव्या टायरांची खोली ७.४ मिलिमीटर होती. मागच्या टायरांच्या मध्यावर ती २.३ आणि बाहेरच्या कडेला १.८ भरली. आपल्याकडे मोटारीच्या टायरसाठी १.६ मिलिमीटर ही कायदेशीर किमान मर्यादा आहे, आणि ती ओळखता यावी म्हणून खाचांच्या तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे ठेवलेले असतात. माझ्या मागच्या टायरांचा पृष्ठभाग त्या उंचवट्यांना टेकायला आला होता. नंतर त्या मुलाने टायरच्या बाजूवर अंगठा फिरवून चार आकडे दाखवले: २२१७. याचा अर्थ २०१७ सालच्या बाविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. रबर वयाबरोबर कडक होते आणि कडक रबर ओल्या रस्त्याच्या खडबडीतपणाला नीट धरून बसत नाही, त्यामुळे खाचा शिल्लक असत्या तरीही त्या टायरांची पकड नव्यासारखी राहिली नसती. कायद्याच्या भाषेत मात्र ते अजून चालण्याजोगे होते.

यानंतर त्यांनी जे दाखवले त्यासाठी मी हे दुकान कोणालाही सुचवीन. दुकानाच्या कोपऱ्यात सनमायका लावलेली सुमारे चार फूट लांबीची एक फळी आहे. त्यांनी तिचे एक टोक टायरांच्या चळतीवर टेकवून उतार केला, गल्ल्याच्या खणातून धातूची एक खेळण्यातली गाडी काढली, तिच्या पुढच्या चाकांना रबर बँडचे वेढे देऊन ती फिरणार नाहीत अशी केली आणि गाडी उतारावर सोडली. ती पुढचे तोंड पुढेच ठेवून, घासत घासत सरळ खाली आली. मग तोच रबर बँड त्यांनी मागच्या चाकांना गुंडाळला. या वेळी गाडी वीतभर सरळ आली, तिची शेपटी किंचित एका बाजूला झाली, आणि पाहता पाहता ती पूर्ण फिरून पाठीमागच्या बाजूने खाली उतरली. त्यांनी ती तीनदा सोडली आणि तिन्ही वेळा ती फिरली; दोनदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून.

या प्रयोगाचे कारण त्यांनी आपल्या भाषेत सांगितले: "मागची चाकं म्हणजे गाडीची शेपटी आहे, ताई. पतंगाची शेपटी तुटली की पतंग गिरक्या घेतो, तसंच." पतंगाची उपमा अगदी तंतोतंत नाही, तरी दिशा योग्य आहे. मी वर्गात बाणाचे उदाहरण देते. बाणाची पिसे मागे असतात, कारण बाण जरा तिरका झाला की हवेचा जोर पिसांवर आडवा पडतो आणि गुरुत्वमध्याच्या, म्हणजे सगळे वजन जेथे एकवटल्यासारखे वागते त्या बिंदूच्या, मागे पडलेला तो जोर बाणाला पुन्हा सरळ करतो. तीच पिसे टोकाशी लावली तर बाण जितका तिरका होईल तितका आणखी तिरका होत जाईल. गाडीच्या मागच्या टायरांचे काम पिसांचे आहे. फिरणारे, पकड धरून असलेले चाक आडव्या सरकण्याला विरोध करते. घसरणारे चाक तो विरोध करू शकत नाही, कारण घसरणाऱ्या चाकावरचे घर्षण ज्या दिशेने ते घसरत आहे तिच्या उलट लागते, मग चाकाचे तोंड कुठेही असो. मागची चाके घसरली की पिसे गळून पडतात, आणि पुढच्या चाकांची आडवी पकड गुरुत्वमध्याच्या पुढे असल्यामुळे गाडीला फिरवण्याचेच काम करू लागते.

येथे बहुतेकांच्या मनात असलेला एक गैरसमज दूर करायला हवा. वळणावर काहीतरी बल गाडीला बाहेर फेकते असे आपण म्हणतो, कारण आत बसलेल्याला तसेच जाणवते. प्रत्यक्षात गाडीला सरळच जायचे असते; तिला वळवायचे तर वळणाच्या मध्याकडे ओढणारे अभिकेंद्री बल लागते, आणि ते देणारे जगात दुसरे काहीही नसते, फक्त चार टायर आणि रस्ता यांच्यातले घर्षण असते. छोट्या गाडीचा एकेक टायर रस्त्याला टेकतो तो साधारण एका तळहाताएवढ्या जागेत. चार तळहात आणि हजार किलोची गाडी, असा हा व्यवहार आहे.

या बलाची गरज वेगाच्या वर्गाने वाढते आणि वळणाच्या त्रिज्येने भागली जाते. गरज गाडीच्या वस्तुमानाला गुणून येते आणि घर्षणही वजनाच्याच प्रमाणात मिळते, त्यामुळे वस्तुमान दोन्हीकडून निघून जाते, आणि सपाट वळणासाठी लागणारा घर्षण गुणांक (वजनाच्या किती पट पकड हवी तो आकडा) म्हणजे वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरण गुणिले त्रिज्या, एवढेच उरते. समजा वळणाची त्रिज्या ४० मीटर आहे. ताशी ४५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १२.५ मीटर, त्याचा वर्ग सुमारे १५६, आणि तो ९.८ गुणिले ४०, म्हणजे ३९२ ने भागला की गुणांक ०.४० येतो. चांगल्या टायरला कोरड्या डांबरावर ०.८ आणि ओल्या रस्त्यावर ०.५ इतका गुणांक धरू. मग त्याच वळणावर कोरड्यात सुमारे ६४ आणि ओल्यात ५० किलोमीटर वेगापर्यंत गाडी तग धरते. झिजलेल्या, कडक झालेल्या टायरला ओल्यात ०.३५ धरला तर मर्यादा ४२ वर येते.

आता हे आकडे माझ्या गाडीवर ठेवून पाहा. पुढच्या चाकांना ०.४० हवे होते आणि त्यांच्याकडे ०.५० होते. मागच्या चाकांनाही ०.४० हवे होते, आणि त्यांच्याकडे ०.३५ होते. हिशेब सोयीसाठी गोल केलेला आहे, घाटाच्या त्या वळणाची त्रिज्या मी मोजलेली नाही आणि रस्त्याचा आडवा कलही धरलेला नाही. तरीही घडले ते हेच होते, याविषयी मला शंका नाही. नव्या टायरांनी पुढची बाजू वळणात खेचून धरली आणि जुन्यांनी मागची बाजू सोडून दिली.

यातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी बाब निराळीच आहे. चारही टायर जुनेच राहिले असते तर मी कदाचित वाचले असते. चारही सारखे झिजलेले असताना पकड कमी असते, पण अशा पुढे वजन असलेल्या छोट्या गाड्यांमध्ये ती सहसा पुढे आधी सुटते: स्टिअरिंग हलके लागते, गाडी हवी तितकी वळत नाही, बाहेरच्या बाजूला रुंद जाते. याला अंडरस्टिअर म्हणतात. ते हाताला कळते, माणूस घाबरून वेग कमी करतो, आणि वेग कमी करणे हाच त्यावरचा उपाय असल्यामुळे त्याची भीतीच त्याला वाचवते. मी पुढे नवे टायर घालून ती सूचना देणारी घंटा काढून टाकली होती. स्टिअरिंग हाताला घट्ट आणि भरवशाचे लागत होते, म्हणून मी निश्चिंत होते, आणि जी बाजू सुटायला आली होती तिची बातमी हातापर्यंत पोहोचत नव्हती. मागची पकड आधी सुटणे, म्हणजे ओव्हरस्टिअर, कळते तेव्हा गाडी फिरायला सुरुवात झालेली असते. आणि त्या वेळी भीतीने माणूस जे करतो, म्हणजे ब्रेक दाबतो, त्याने ती अधिकच फिरते.

ब्रेकचा हा भाग मालकांनी तळहाताने समजावला. त्यांनी माझ्या गाडीच्या डिकीवर हात ठेवून गाडी हलकेच दाबली आणि सोडली. "ब्रेक मारला की नाक खाली, शेपूट वर. मागच्या टायरवरचं ओझं कमी." हेही मोजता येते. हजार किलोच्या गाडीचे सुमारे ६०० किलो पुढे आणि ४०० किलो मागे असतात असे धरा. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर उंच, पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर २.४ मीटर, आणि ब्रेकमुळे वेग सेकंदाला ४ मीटर प्रतिसेकंद या दराने कमी होतो आहे. अशा वेळी नव्वद किलोंहून थोडे अधिक ओझे मागून पुढे सरकते. मागच्या टायरांवर चारशेऐवजी जेमतेम तीनशे किलो राहतात, म्हणजे त्यांची पकड जवळपास पाव हिश्श्याने घटते, आणि वळणासाठी त्यांच्याकडून मागितले जाणारे बल मात्र तेवढेच असते. नुसता ॲक्सिलरेटर सोडला तरी हेच कमी प्रमाणात होते. उतारावर ओझे आधीच पुढे झुकलेले असते, ते वेगळे.

त्यात आणखी एक भर पडते. टायरची पकड ही एकच पुंजी आहे; वळणे आणि थांबणे ही दोन्ही कामे त्यातूनच भागवावी लागतात, आणि ती साधी बेरीज करून नाही, काटकोन त्रिकोणाच्या नियमाने. वळण्यासाठी ०.४ आणि थांबण्यासाठी ०.३ मागितले तर टायरला एकूण ०.५ द्यावे लागते: तीन, चार, पाचचा शाळेतला त्रिकोण. ओल्या रस्त्यावर चांगल्या टायरची सगळी पुंजी तेवढीच आहे. म्हणजे माझे मागचे टायर नवे असते तरीही वळणाच्या मध्यावर ब्रेकला पाय लावणे ही माझी चूकच होती, आणि मालकांनी ती मला स्पष्ट शब्दांत सांगितली. टायर विकणारा माणूस गिऱ्हाइकाला त्याची चालवण्याची चूक दाखवतो, हे मला फार मोलाचे वाटले. वेग वळणाआधी, सरळ रस्त्यावर कमी करायचा. वळणात पाय स्थिर ठेवायचा.

एबीएस असताना असे का झाले, असा प्रश्न मला घरी अनेकांनी विचारला. एबीएस चाक पूर्ण अडकू देत नाही, पण गाडी कोणत्या दिशेला फिरते आहे हे त्याला माहीत नसते. ईएससीला माहीत असते: स्टिअरिंग किती वळवले आणि गाडी प्रत्यक्षात किती वेगाने फिरते आहे यांची ती सतत तुलना करते, आणि शेपटी सुटू लागली की मुख्यतः वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला ब्रेक लावून फिरणे रोखते. मर्सिडीज-बेंझ आणि बॉश यांनी ही यंत्रणा १९९५ साली बाजारात आणली. आपल्या रस्त्यांवरच्या जुन्या छोट्या गाड्यांपैकी पुष्कळांमध्ये ती नाही, आणि जिच्यात नाही तिच्यात ते काम मागचे टायरच करतात. सुटलेली गाडी हातानेही सावरता येते, शेपटी ज्या बाजूला जाते त्याच बाजूला स्टिअरिंग फिरवून. परंतु त्यासाठी सेकंदाहूनही कमी वेळ असतो आणि सराव लागतो. माझ्यासारख्या रोज कामावर जाणाऱ्या बाईने त्यावर विसंबू नये.

आता दुकानाच्या कामाविषयी. त्या दिवशी माझ्या मापाचे, पुढच्या नव्या टायरांच्याच बनावटीचे टायर त्यांच्याकडे शिल्लक नव्हते. दुसऱ्या बनावटीचे होते आणि ते लगेच बसवता आले असते, पण एकाच गाडीला शक्यतो चारही टायर एकाच जातीचे असावेत म्हणून त्यांनी दोन दिवस थांबायला सांगितले. तोवर पुढची नवी चाके मागे आणि मागची पुढे केली, त्याचे ३०० रुपये घेतले आणि पाऊस असेल तर घाटात गाडी नेऊ नका, बसने जा, असे बजावले. मी दोन दिवस कापूरबावडीहून बसने गेले. तिसऱ्या दिवशी नवे दोन टायर आले तेव्हा तेही मागे बसवले आणि दोन महिने वापरलेले पुढे आणले, कारण खोली ज्यांची जास्त ते मागे, हा त्यांचा नियम अर्ध्या मिलिमीटरच्या फरकालाही लागू होता. जुने दोन्ही टायर त्यांनी परत घेतले आणि कोणी ते रस्त्यावर वापरू नयेत म्हणून माझ्यासमोर बाजूने कापले. हे करताना मी पूर्वी कोणालाही पाहिले नव्हते.

मी त्यांना शंका विचारली की, दर काही हजार किलोमीटरनंतर पुढची चाके मागे आणि मागची पुढे करायला सांगतात, मग हा नियम मोडत नाही का? त्यांनी दिलेले उत्तर मला पटले. पुढची चाके लवकर झिजतात, म्हणून दर आठ ते दहा हजार किलोमीटरना अदलाबदल केली तर चारही टायरांत एक मिलिमीटरच्या आसपासच फरक राहतो आणि एवढ्या फरकाने धोका होत नाही. अदलाबदल करायची राहून गेली आणि पुढचे पार झिजले, तरच दोनच टायर बदलण्याची वेळ येते, आणि मग नव्यांनी मागेच जायचे. टायर बदलण्याआधी खर्च वाचवण्याचा उपाय त्यांनी स्वतःहून सांगितला, हेही नोंदवते.

अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा जुळवणे, आणि चारही चाकांचे बॅलन्सिंग, म्हणजे फिरणाऱ्या चाकाचे वजन सगळीकडे सारखे करणे, मिळून ११०० रुपये झाले. संगणकाच्या पडद्यावर मागच्या चाकांचे आकडेही दाखवतात, आणि माझ्या गाडीच्या मागच्या दोन्ही चाकांना जोडणाऱ्या सलग दांड्यामुळे तेथे काही जुळवता येत नाही, फक्त वाकले आहे का तेवढे पाहता येते, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. मागची चाके किंचित बाहेरच्या दिशेला उघडलेली असतील तर गाडी वळणात अस्वस्थ होते, म्हणून ते पाहणे आवश्यकच असते. नट यंत्राने कसल्यावर पुन्हा हाताच्या पान्याने, जोर मोजत, समोरासमोरच्या क्रमाने आवळले. पन्नास किलोमीटर चालवून परत या, फुकट तपासू, असे सांगितले आणि मी गेले तेव्हा खरोखर तपासले.

दोन बाबतींत मी त्यांच्याशी सहमत नाही. नायट्रोजन भरल्याने ओल्यात पकड वाढते, असे तेथील एका कारागिराने सांगितले. आपण श्वासात घेतो त्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. शुद्ध नायट्रोजन कोरडा असल्याने दाब जरा स्थिर राहतो, एवढा फायदा मान्य, परंतु पकडीशी त्याचा संबंध नाही. मी साधी हवा मागितली आणि त्यांनी ती कुरकुर न करता भरली. दुसरे म्हणजे, महामार्गावर जाता म्हणून त्यांनी दाब ३६ केला होता. माझ्या गाडीच्या चालकाकडील दाराच्या चौकटीवर ३३ लिहिलेले आहे आणि तो आकडा टायर थंड असतानाचा आहे. टायर फार फुगला की रस्त्याला टेकणारा तळहात लहान होतो. दुसऱ्या सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी, घरच्या मापाने मोजून मी तो ३३ वर आणला. इतका बारीक विचार करणाऱ्या दुकानाने गाडीवरचा आकडा पाहूनच हवा भरावी, असे मी त्यांना सांगितले आहे. पुढच्या खेपेला त्यांनी दार उघडून पाहिले.

गैरसोयी आहेत. मेट्रोच्या कामामुळे दुकानासमोर गाडी वळवणे जिकिरीचे आहे. शनिवार-रविवारी दोन-दोन तास थांबावे लागते, बसायला दोनच खुर्च्या आहेत, पावसात रांगेतल्या गाडीपासून दुकानापर्यंत भिजत यावे लागते. किंमत इतर दोन ठिकाणी विचारली होती. येथे प्रत्येक टायरमागे दीड-दोनशे रुपये जास्त पडले. कामाच्या दिवशी सकाळी दहाच्या आधी गेलात तर पाऊण तासात मोकळे होता.

या जूनमध्ये मी चौथ्यांदा गेले तेव्हा अदलाबदल करून घेतली. त्या मुलाने पुन्हा तीन-तीन ठिकाणी माप टेकवले आणि मालकांनी गल्ल्यातून माझे जुने कार्ड काढून त्याखाली नवे आकडे लिहिले: पुढे ५.९, मागे ६.४. कार्ड त्यांनी या वेळी मलाच दिले; ते गाडीच्या कप्प्यात, विम्याच्या कागदांसोबत ठेवले आहे. फळी आणि खेळण्यातली गाडी मी त्यांच्याकडून एका दिवसासाठी मागून नेली होती, आणि बारावीच्या वर्गात वर्तुळाकार गतीचा पाठ घेताना मागच्या बाकावरच्या मुलांनाही पुढे येऊन रबर बँड स्वतः गुंडाळायला लावला.